कट्ट्यावर दिवा कोणी लावायचा?

फराळाचे ताट आणि दिवाळी अंक या दोन गोष्टी मराठी घरात एकत्र नांदू लागल्या, त्याला शंभरहून अधिक वर्षे झाली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चकली मोडता मोडता कथा वाचण्याची जी सवय आपल्याला जडली ती जडलीच. अंकाच्या पानावर एखादा तेलाचा डाग पडल्याखेरीज तो अंक वाचला गेला, असे मानायलाच आपण तयार नसतो! पण अंक हाती घेताना एक प्रश्न मात्र आपल्या मनात क्वचितच येतो. ही लिहिणारी माणसे येतात कोठून? पहिली कविता ती कोणाला दाखवतात? आणि ती कविता अगदीच बेताची झाली आहे, हे त्यांना कोण सांगते?

वर्गात लेखक घडत नाहीत, असे मराठी शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने सांगितले तर कोणाला नवल वाटू नये. वर्गात परीक्षा पास होता येते. लेखक घडतो तो चार समानधर्मी माणसांत. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवी एकत्र जमत, एकमेकांना कविता वाचून दाखवीत आणि त्यांवर चर्चा करीत. आमच्या नाशकात १९५० साली लोकहितवादी मंडळ निघाले. कुसुमाग्रजांसारखा कवी त्याच्या उभारणीत होता, आणि नाटक-साहित्याचे वेड असलेल्या कितीतरी नाशिककरांना त्या मंडळाने एका ठिकाणी बसवले. अशा मंडळांना फार काही लागत नाही. एक खोली, एक सतरंजी, अधूनमधून चहा, आणि मुख्य म्हणजे वेळेवर येऊन कुलूप उघडणारा एक माणूस. या शेवटच्या माणसाचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात बहुधा येत नाही. पण तो आजारी पडला की मंडळाची बैठक रद्द होते!

गेल्या तीसएक वर्षांत या सतरंजीने नवे रूप घेतले. १९९६ च्या गणेश चतुर्थीला, म्हणजे १६ सप्टेंबरला, अमेरिकेत राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी 'मायबोली' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. आपल्याकडे त्या वेळी सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागून जेमतेम वर्षच झाले होते. विदेश संचार निगमने ती सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली होती. त्यामुळे या नव्या कट्ट्यावर आधी येऊन बसली ती परदेशी गेलेली मराठी माणसे. गप्पांच्या दालनाचे नाव होते 'हितगुज'. बोलायला मराठी माणूस न मिळाल्याने कासावीस झालेल्या जिवांना त्या नावातच केवढा दिलासा होता!

मौज अशी की, मराठी बोलण्यासाठी जमलेल्या या मंडळींना मराठी लिहिता मात्र येत नव्हते. संगणकाला देवनागरी ठाऊक नव्हती. मग रोमन अक्षरांत मराठी लिहायचे! त्या लिपीत 'भात', 'भाट' आणि 'भट' यांना एकच वेष. 'काल' आणि 'काळ' यांची तर जुळीच भावंडे. आज घरी भात खाल्ला की भाटाला भेटलो, हे वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे. जगभरच्या लिप्यांना सामावून घेणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीत १९९१ पासून देवनागरीला जागा होती. पण ती सोय घरच्या संगणकापर्यंत पोचायला नवे सहस्रक उजाडावे लागले. एकदा ती पोचली आणि मग मराठी कट्टे भराभर उभे राहिले. २००४ साली 'मनोगत' आले. शुद्धलेखनाबद्दल ते इतके दक्ष, की लिहिलेले तपासून देणारा शुद्धिचिकित्सकच त्यांनी तयार केला. २००७ साली तात्या अभ्यंकरांनी 'मिसळपाव' काढले. तेथे नावाप्रमाणेच तर्री जास्त. त्याच वर्षी निघालेल्या 'उपक्रम'ने कथा-कवितांना बाजूस ठेवून माहिती आणि चर्चा यांचा आग्रह धरला. २०११ साली 'ऐसी अक्षरे' आले. एकाचे पटले नाही म्हणून दुसरे काढायचे, ही आपली जुनी मराठी परंपरा येथेही अखंड चालू राहिली, हे वेगळे सांगायला नको.

या कट्ट्यांनी आपली एक भाषा घडवली. लेख टाकला की त्याचा 'धागा' होतो आणि वाचक त्यावर 'प्रतिसाद' देतात. 'पु.ले.शु.' म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. 'पुभाप्र' म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. लेखक महाशयांनी लेखाखाली 'क्रमशः' लिहून सहा महिने गुंगारा दिला, की या 'पुभाप्र'ला हळूहळू धार चढू लागे! नुसते वाचणारा आणि कधीच न लिहिणारा माणूस 'रोमात' असतो. आपल्याच लेखाची दुसऱ्या नावाने स्तुती करणाऱ्याच्या त्या दुसऱ्या नावाला 'डुआयडी' म्हणतात. आणि लिहिण्याच्या लकबीवरून तो कोणाचा हे चार दिवसांत ओळखणारे गुप्तहेरही तेथे असतात. मायबोलीवर गणेशोत्सव होतो, मराठी भाषा दिनाचे कार्यक्रम होतात, स्वयंसेवकांच्या संपादक मंडळांनी दिवाळी अंकही काढले. पावसाळ्यात 'वर्षाविहार' निघे आणि टोपणनावांनी वर्षभर भांडलेली माणसे एकमेकांना डब्यातली भजी देत.

पण खरी गोष्ट प्रतिसादांत होती. नवख्या लेखकाने भीत भीत एक कथा टाकावी. एकाने लिहावे, 'शेवट आधीच कळतो'. दुसरीने लिहावे, 'सासू खरी वाटते, पण सून पुस्तकातली आहे'. तिसऱ्याने फक्त व्याकरणाच्या सात चुका दाखवाव्या. लेखकाने दोन दिवस फुगून बसावे आणि तिसऱ्या दिवशी सून पुन्हा लिहायला घ्यावी. छापील मासिकांत जे काम एखादा साक्षेपी संपादक पत्रे लिहून करीत असे, ते येथे दहा अनोळखी माणसे मिळून करीत होती, आणि तेही फुकट.

हे सारे चालवणाऱ्याच्या मागे काय काय असते, याची कल्पना बाहेरून येत नाही. रात्री दोन वाजता कोणी तरी औषधांच्या जाहिरातींचे दोनशे धागे टाकून जातो. ते सकाळच्या आत काढायचे. एकाची कविता दुसऱ्याने आपल्या नावावर खपवली, तिचा निवाडा करायचा. राजकारणावरचा वाद आईबापांपर्यंत पोचला की धाग्याला कुलूप घालायचे, आणि घातले की 'मुस्कटदाबी'चा आरोप ऐकायचा. न घातले तर 'येथे सभ्य माणसांनी यायचे कसे?' हा प्रश्न तयारच! संकेतस्थळाच्या नावाचे भाडे दर वर्षी भरायचे, मजकूर ठेवायच्या जागेचे वेगळे. भरीला कायदा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे इतरांचा मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याने तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करायचे, तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यायची आणि तिचा निकाल ठरावीक मुदतीत लावायचा. पन्नास लाखांवर सभासद असलेल्या कंपन्यांना आणखी कडक नियम आहेत. पण हे पहिले ओझे लहानथोर सर्वांना सारखेच. कंपनीकडे त्यासाठी वकिलांचा ताफा असतो. कट्टा चालवणारा गृहस्थ नोकरीवरून घरी येतो, जेवतो आणि मग तक्रारी वाचायला बसतो.

या गृहस्थाच्या दारासमोरून एक मोठा रस्ता निघाला. ज्या २००४ साली 'मनोगत' आले, त्याच साली जानेवारीत ऑर्कुट आणि फेब्रुवारीत फेसबुक जन्मले. फेसबुक सर्वांसाठी खुले झाले ते २००६ च्या सप्टेंबरात. २००९ साली त्यावर पसंतीचा अंगठा आला आणि त्याच वर्षी व्हॉट्सअॅपही निघाले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओने जवळजवळ फुकट इंटरनेट वाटले आणि मग घरातले आजोबासुद्धा पहाटे साडेपाचला सुप्रभात पाठवू लागले.

कट्टे ओस पडू लागले ते भांडणाने नव्हे. भांडून गेलेला माणूस निदान परत तरी येतो. भांडण अर्धे राहिलेले असते ना! येथे कोणी गेले असे झालेच नाही. माणसे फक्त जरा कमी येऊ लागली. आपल्या ओळखीचे आठशे लोक जेथे आधीच बसले आहेत तेथे कविता टाकली, तर दहा मिनिटांत पन्नास अंगठे मिळतात. कट्ट्यावर तीच कविता टाकली तर संध्याकाळपर्यंत तीन प्रतिसाद, त्यातला एक वृत्तदोष दाखवणारा. माणसाचा जीव कोठे रमेल, हे सांगायला मानसशास्त्र शिकावे लागत नाही. मग वृत्तदोष दाखवणाराही कंटाळतो. त्याला वाटते, आपण एवढे लिहावे आणि लेखक इकडे फिरकतही नाही, तर कोणासाठी? 'उपक्रम' तर कालांतराने थंडावलेच.

आता दुसरी बाजू. हे जुने कट्टे फार गोड होते आणि नवा बाजार तेवढा कडू, असे म्हणणे म्हणजे 'आमच्या वेळी असे नव्हते' हे वाक्य नव्या लिपीत लिहिणे होय. त्या कट्ट्यांवर यायला संगणक लागे, टंकलेखनाचा सराव लागे आणि दुपारी दोन घटका मोकळा वेळ लागे. परदेशातला अभियंता, पुण्या-मुंबईतला बँक अधिकारी यांना हे जमले. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातून नाशकात शिकायला आलेल्या मुलीला ते कसे जमावे? अशा एका विद्यार्थिनीने संगणक पहिल्यांदा हाताळला तो महाविद्यालयात आल्यावर. पण त्याआधीच तिच्या हाती भावाचा मोबाइल होता आणि तिने आईच्या मजुरीवर, रोजंदारीसाठी गाव सोडण्यावर चाळीसएक छोट्या टिपणांची मालिका फेसबुकवर लिहिली होती. प्रमाणभाषेची लाज न बाळगता, आपल्या कोकणा बोलीचे शब्द तसेच ठेवून! जुन्या कट्ट्यावर तिला पहिल्याच दिवशी कोणी तरी शुद्धलेखनाचे नियम शिकवले असते, अशी मला रास्त भीती वाटते. नव्या बाजाराने तिला न विचारता आत घेतले. हे उपकार लहान नाहीत.

पण गोष्ट येथे संपत नाही. त्या मुलीला मी म्हटले, "ती सगळी टिपणे आणून दाखव, नीट लावली तर पुस्तक होईल." ती म्हणाली, "सर, ती खूप खाली गेली आहेत. शोधावी लागतील." शोधल्यावर बावीस सापडली. बाकीची ज्या खात्यावर होती त्याचा सांकेतिक शब्द भावाला आठवत नव्हता आणि तो मोबाइल नंबरही बंद झाला होता. आईच्या आजारपणावरचे टिपण, जे ती सर्वांत चांगले म्हणत होती, ते या बावीसांत नव्हते. तिला अंगठे किती मिळाले होते ते आठवत होते. कोणी काय म्हटले होते, हे विचारल्यावर ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "छान म्हणाले होते, सर."

मला वाटते, सगळा प्रश्न या दोन वाक्यांत आहे. 'खाली गेली' आणि 'छान म्हणाले'. नव्या जागेत लिहिणे सोपे झाले, पण लिहिलेले सांभाळणे आणि वाचून खरे बोलणे, ही दोन कामे कोणाचीच राहिली नाहीत. व्हॉट्सअॅपच्या एका गटात आता एक हजार चोवीस माणसे बसू शकतात. पण आज आत आलेल्याला कालपर्यंतचे काही सहसा दिसत नाही. रोज नवी पाटी! शिवाय लेखाखालचे नाव पुढे ढकलताना केव्हा गळून पडते ते कळत नाही आणि त्या जागी दुसऱ्याचेच येऊन बसते. कुसुमाग्रज, पु. ल., व. पु. यांनी कधीही न लिहिलेल्या कितीतरी ओळी त्यांच्या नावावर घरोघर फिरत असतात. कुसुमाग्रजांच्या गावातल्या माणसालाही त्या रोज सकाळी मिळतात!

आणि जागेचा मालक? त्याला परवडेनासे झाले की तो दुकान आवरतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. तेथल्या चर्चा काही काळ वाचायला ठेवल्या होत्या, पुढे त्याही काढल्या. याहू ग्रुप्सवर अनेक मराठी मंडळे वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करीत. तेथला जुना मजकूर काढण्याचे २०१९ साली जाहीर झाले आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ते दालनच मिटले. भाडेकरूला नोटीस तरी मिळाली. पण सामान हलवायला जागा कोठे होती?

याउलट छापील कागदाचे पाहा. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ साली निघाले आणि १९३७ साली बंद पडले. पण त्याचे जुने अंक ग्रंथालयांत आहेत. आजही कोणी अभ्यासक धूळ झटकून ते वाचू शकतो. आमचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून नाशकात उभे आहे. संपादक जातात, मासिके मिटतात, पण कपाट राहते. शिवाय १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्याव्या लागतात; १९५६ मध्ये वृत्तपत्रे-नियतकालिकेही त्यात आली. हा कायदा छापील कागदाचा आहे. एखाद्या मराठी कट्ट्यावरच्या वीस वर्षांच्या कथा, पाककृती, प्रवासवर्णने, भांडणे, म्हणजे एका पिढीची लिहिती-बोलती मराठी, ती कोणी जपायची हे त्यात नाही. ज्या १९९६ साली 'मायबोली' निघाली, त्याच साली अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था स्थापन झाली. ती जगभरची पाने गोळा करते आणि त्यात आपली काही मराठी पानेही सापडतात. आपले घरचे कागद सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसाने उचलून ठेवले म्हणून वाचले, यात कृतज्ञता वाटावी तेवढीच थोडी शरमही वाटायला हरकत नाही.

'मायबोली' अजून चालू आहे. इतरही काही चिकाटीने उभे आहेत. पण असा प्रत्येक कट्टा दोन-चार माणसांच्या खिशावर आणि प्रकृतीवर चालतो. एका वर्षी भाडे भरायचे राहिले, किंवा भरणारे बोटच उरले नाही, की हजारो लोकांचे लेखन एका रात्रीत नाहीसे होऊ शकते. दिवा लावणारा कोण, हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. कट्ट्यावर मात्र दिवा आपोआप लागतो अशीच सर्वांची समजूत!

कोणी म्हणेल, मग आम्ही काय करावे? आमच्यासारख्या संसारी माणसाला संकेतस्थळ काढायला का सांगता? नाही, तसे मुळीच नाही. जे आहे त्याला हातभार लावण्यापुरतेच बोलतो. आपण गणपतीची वर्गणी देतो, वाचनालयाची वर्गणी देतो; ज्या कट्ट्यावर वर्षानुवर्षे फुकट वाचले त्याच्या चालकाला 'वर्षाचा खर्च किती येतो?' एवढे विचारायला काय हरकत आहे? घरातली सून, मुलगा, सासरे कोणीही मोबाइलवर लिहीत असेल, तर त्यांच्या लेखनाची तारीख घालून एक प्रत घरी ठेवावी. कागदावर काढली तर उत्तमच. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आणि शंभरी ओलांडलेल्या वाचनालयांनी चालकांच्या संमतीने एकेका कट्ट्याचे निवडक लेखन जपून ठेवण्याचे काम अंगावर घ्यावे. आमच्या विभागापुरते सांगायचे, तर आम्ही विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरच्या लेखनापासून आरंभ केला आहे. पहिल्या वहीत त्या मुलीची बावीस टिपणे आहेत. आईवरचे तेविसावे ती पुन्हा आठवून लिहीत आहे.

आणि सर्वांत सोपे काम शेवटी सांगतो. या दिवाळीत फेसबुकवर असो, कट्ट्यावर असो, किंवा याच अंकात असो, एखाद्या नव्या लेखकाचे काही वाचाल तर अंगठा दाखवून पुढे जाऊ नका. चार ओळी लिहा. काय आवडले ते लिहा. काय जमले नाही तेही लिहा, मात्र जरा मायेने. लेखकाला राग आला तर येऊ द्या. फराळ संपेपर्यंत तो उतरतो.